मारुतीच्या कमरेला पाणी

नाशिक, मंगळवार

प्रिय बंड्या,

तुझ्या गुडघ्याचं शेवटी विचारतो. विसरलो तर विचारलं असं समज. माझी साखर ठीक, म्हणजे डॉक्टरांसमोर ठीक. आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याच्या शिव्या फोनवर घाल. पण हे फोनवर बोलता येणार नाही. सूनबाई शेजारच्या खोलीत असते आणि भिंती आपल्या वाड्याच्या नाहीत.

रविवारी नातू हरवला होता. दोन तास दहा मिनिटं.

गोदागंगेला पाणी आलंय. धरणातून सोडलं आणि सकाळपासून ज्याच्या त्याच्या मोबाइलवर घाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं. आपण मारुती बघायला धावायचो, आता मारुतीच घरपोच येतो. हे पोरगं ते फोटो बघत बसलं होतं. साडेदहाला क्लासला म्हणून निघालं ते क्लासला पोचलंच नाही. मनगटावर ते कुठे आहे ते दाखवणारं घड्याळ असतं ना, त्यावर बघितलं तर पोरगं घरातच! घड्याळ उशीखाली ठेवून गेला होता. खरं सांगू, त्या घाबरगुंडीतही मला क्षणभर अभिमान वाटला. दहा वर्षांचा आहे रे. गंगापूर रोडवरून सिटीलिंकची बस पकडून एकटा रविवार कारंज्याला उतरला, तिथून विचारत विचारत खाली घाटाकडे. सिंहस्थाची खोदकामं चाललीत, रस्ता मलाही सापडत नाही.

सांडव्यावरच्या देवीपाशी पोलिसांनी दोर बांधला होता, त्याला टेकून उभा होता. मुलाने स्कूटरवरून आणला. सूनबाईने आधी जवळ घेतला, मग एक ठेवून दिली, मग स्वतःच रडत बसली. कशाला गेला होतास म्हणून विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा गांधी तलावापाशी उडी मारून टाळकुटेश्वरला निघाले होते, ते कुठून कुठे ते बघायचं होतं."

आता कळलं का पत्र कशाला लिहितोय?

मी दोष दिला मोबाइलला. माझंच चुकलं असं एक अक्षर बोललो नाही. पण गेली दोन वर्षं रोज रात्री त्याला काय सांगतोय मी? आमच्या वेळी सकाळी चड्डीवर बाहेर पडायचो ते दिवेलागणीला परत. चार आणे तासाने सायकल, तीही मधल्या दांड्याखालून पाय घालून. (पंक्चरचे आठ आणे मी एकट्याने भरले होते. तू भरल्याचं अजून सांगत फिरतोस, ते खोटं आहे.) रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पे, घरी जाईपर्यंत कानात रंग. आणि पोहून आलो की आई दंडावर नख ओढून बघायची. पांढरी रेघ उठली की पाठीत धपाटा. हे नखाचं त्याला फार आवडतं, रोज आंघोळीनंतर स्वतःच्या दंडावर ओढून बघतो. शॉवरने उठत नाही रेघ, हिरमुसतो.

बंड्या, वाड्यात आपण चौदा पोरं होतो. जेवायच्या वेळी ताटं मोजायचे, पोरं नाही. मोकळीक मोकळीक म्हणून मी जे गातो ते एवढंच होतं की काय, असं रविवारपासून वाटतंय. पण लगेच दुसरं मन म्हणतं, असेल, तरी मजा आली होती.

त्या दिवसाचं बोलतो. १९६९च्या महापुराची दहशत घरोघर होती, सराफबाजारात शिरलेल्या पाण्याच्या गोष्टी संपल्या नव्हत्या, आणि पुढच्याच पावसाळ्यात आपण दोघं त्या छोट्या देवळावर चढलो. उडी तू मारलीस. मी नाही. तुझं डोकं एकदा दिसलं, दोनदा दिसलं, मग पुलापलीकडे काही दिसेना. मी काठाने धावलो म्हणून तुला सांगितलं होतं. नव्हतो धावलो. घरी गेलो. आई म्हणाली, बंडू कुठाय? म्हटलं, घरी गेला. आणि पाट ओढून जेवायला बसलो. पिठलं-भात होता. दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तुला पुरातली लाकडं धरणाऱ्या माणसाने आकडा टाकून काढला. चड्डी फाटली म्हणून तू रडत होतास, बुडालो म्हणून नाही. ती फाटकी चड्डी मागून धरून तू दिवे लागल्यावर वाड्यात आलास आणि कोणाला काही बोलला नाहीस. माझ्या घरी तर नाहीच.

आणि ही गोष्ट मी नातवाला माझी म्हणून सांगितली. उडी माझी, आकडा माझा, चड्डीसुद्धा माझी. त्याने विचारलं होतं, मग तेव्हा तुमचा मित्र कुठे होता? मी म्हटलं, तो घाबरून घरी गेला आणि जेवला.

"काय जेवला?"

पिठलं-भात, म्हटलं. खूप हसला. तेव्हापासून तुझं नाव आमच्याकडे पिठलंआजोबा.

काल रात्री पुन्हा गोष्ट मागितली. सूनबाई दारात उभी. मी भोवऱ्याचं काहीतरी सांगितलं, अर्ध्यात झोपला.

धाकटीचं जमलं ते कळलं, फार छान झालं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळा संपल्यावरच करा. गुडघा कसा आहे?

दिवाळीत तू इकडे येणार आहेस. आल्या आल्या तो तुला त्या दिवसाचं विचारणार, चपला काढायच्या आत. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा टाकत असेन. काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
दिन्या