शेवटचा आकडा ६ नाही, ५ पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट वाचली, पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. गोष्ट झकास लिहिलीय पण एकूण दाणे छापलेत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, आणि शेवटचा ६ चुकलाय, तिथं ५ पाहिजे. घरचे म्हणाले एवढ्या मोठ्या संख्येत एका दाण्यानं काय होतंय, पण होतंय म्हणूनच लिहितोय.

नातवाला पण पटेना मग स्वयंपाकघरातनं वाटीभर शाळू आणला आणि पट मांडला. पहिली ओळ भरली तर सगळे मिळून २५५, आणि पुढच्या घरात येणार २५६. १० व्या घरात ५१२ दाणे घालताना ते शेजारच्या घरांत सांडायला लागले, तोवरची बेरीज १०२३, ११ व्या घरात येणार १०२४. दरवेळी १ कमी! तेव्हा पोरगाच म्हणाला, आजोबा, मग पेपरातला आकडा ६५ व्या घराचा आहे की. अगदी बरोबर, आणि पटावर ते घरच नाही. शिवाय पहिलं घर सोडलं तर सगळ्या घरांत सम दाणे, मग बेरीज विषमच येणार ना.

आता ६ वाली संख्या फोडून बघा, २ शिवाय काही निघत नाही, ६४ वेळा २. आणि १ काढला की तीच संख्या कशी उघडते बघा, आठवीतलं अ वर्ग वजा ब वर्ग लावत गेलं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे गुणक हातात येतात. यातले पहिले पाच मूळ संख्या आहेत, आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटायचं सहावी पण मूळच असणार. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरनं दाखवलं की ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे. मी वहीत गुणाकार करून पाहिला, तंतोतंत जुळतो, त्या दिवशी जेवण गार झालं तरी उठवेना. म्हणजे पटावरच्या दाण्यांत ७ वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत, एकही दोनदा येत नाही.

भास्कराचार्यांनी परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यं, अशी १८ स्थानांची नावं दिलीत, ही संख्या २० अंकी, १८४ परार्धांच्या वर जाते. मुलांना हे वाचायला मिळालं तर किती मजा येईल.

बुद्धिबळाचा प्रसार करणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांमुळं आमच्या सांगलीत घराघरात पट आलेत, त्या पटाची बेरीज तरी आपल्या पेपरात बरोबर यावी. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच टायपात दुरुस्ती छापा ही विनंती, नातू कात्रण चिकटवायला थांबलाय.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली