पार्ल्यातल्या अभ्यासिकेचं छप्पर: मृगाआधी शाकारणीसाठी आवाहन

समस्त पार्लेकरांना सप्रेम नमस्कार.

विलेपार्ले पूर्वेला, आतल्या गल्लीतलं पडवीचं ते बैठं घर तुमच्यापैकी अनेकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. दाराशी बकुळ, मागे विहीर आणि संध्याकाळी दिव्याखाली वह्या पसरून बसलेली मुलं. घराच्या मालकीणबाईंनी पडवी आणि माजघर आपल्या रहिवासी मंडळाला अभ्यासिकेसाठी विनाभाडं दिलं आहे. अट एकच: घराचं कौलारू रूप मोडायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात मागची पाखी, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, गळायला लागली. मुलांनी टेबलं भिंतीपासून ओढून मधोमध आणली, दोन्ही बाजूंना बादल्या लावल्या आणि अभ्यास चालू ठेवला. दहावीची, सीएची परीक्षा देणारी ही मुलं. घरी एका खोलीत पाचजण राहत असल्यावर दुसरीकडे जाणार कुठे? पावसाळा संपल्यावर सुतारकाका वर चढून सगळं पाहून आले. सागवानी वासे ठणठणीत आहेत. कौलं ज्यांवर टेकतात त्या रीपा (लाकडी पट्ट्या) मात्र वाळवीने पोखरल्या आहेत आणि बरीच कौलं तडकली आहेत.

पत्रे घाला, स्वस्त पडेल, असं काहींनी सुचवलं. ते आम्हाला पटलं नाही. दिलेला शब्द आहेच. शिवाय मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही आणि जोराची सर आली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

पैशांइतकीच गरज आहे ती जुन्या कौलांची. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे असे कितीतरी कारखाने निघाले. प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. एकाचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही, फट राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव उमटलेलं दिसेल. आपल्या छपरावरच्या कौलाचा एक नमुना पडवीत ठेवला आहे. तुमचं जुनं घर पाडायला निघालं असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तो एकदा पाहून जा. सागाच्या रीपा, फळ्या, आढ्याची कौलं, काहीही चालेल.

विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानं चढता-उतरताना ज्यावरून जातात त्या पट्ट्यामुळे, इथे उंचीवर मर्यादा आहेत, त्यामुळे किती इमारतींचा पुनर्विकास रखडला हे आपण जाणतोच. ज्यांना नवं, पक्कं घर हवं आहे त्यांना ते मिळायलाच हवं. पण 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय, 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ उभे राहिले आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे छावणी पडली, तेव्हाचं पार्लं अशाच बैठ्या घरांचं होतं. त्यातलं एक घर आजही मुलांच्या उपयोगी पडतं आहे. ते गळतं म्हणून बंद करावं लागू नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

खर्चाचं अंदाजपत्रक पडवीतल्या फळ्यावर लावलं आहे. देणगी मंडळाच्या नावे धनादेशानेच द्यावी आणि पावती मागून घ्यावी. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी रविवारी सकाळी यावं: कौलं उतरवून ब्रशने घासायची आहेत, शेवाळ फार धरलं आहे. वर चढण्याचं काम फक्त सुतारकाका आणि त्यांची माणसं करतील. कौलं द्यायची असतील तर अभ्यासिकेतल्या वहीत पत्ता लिहून ठेवा, टेम्पो आम्ही पाठवू.

आपले,
रहिवासी मंडळाचे कार्यकर्ते