तुम्ही विचारलंत म्हणून सांगता आलं

आदरणीय सिस्टर,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो, ते आमचं कामच आहे’ म्हणता आणि बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळायला घेता. बोलणं तिथेच राहतं. म्हणून आता लिहून काढतेय, आणि कुणालाही वाचता येईल असं लिहितेय. ज्यांच्या घरात असलं दुखणं आहे त्यांनाही कळावं की चांगली नर्स काय काय करत असते. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी दुखणी दोन होती, निदान मला तसं वाटत होतं. एक पोटाचं. कळा, जुलाब, मधूनच रक्त. क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार, असं निदान झालेलं होतं. दुसरं सांध्यांचं. गुडघे, घोटे सुजायचे, बोटं आखडायची. पोटाची फाइल वेगळी, सांध्यांची वेगळी. एकीकडे गेले की दुसरीकडचं काढायचं नाही, असा माझा आपला समज.

तुम्ही वजन, ताप, बीपी घेतलंत आणि मग खुर्ची ओढून बसलात. ‘सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ ‘पोटासाठी रात्री झोपेतून उठावं लागतं का?’ ‘डोळे लाल होतात? तोंड येतं? नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या होत्या का कधी?’ ‘दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या कोणत्या घेता?’ एकेका प्रश्नाला मी ‘हो, हो’ म्हणत गेले आणि तुम्ही लिहीत गेलात. त्यातला एकही प्रश्न उगाच नव्हता, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. सांध्यांची नुसती झीज असेल तर सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात जातो. दाह असेल तर तो तासभर, कधी त्याहून जास्त राहतो. पोटाच्या त्रासाने झोपमोड होत असेल तर ते आतड्याला सूज असल्याचं लक्षण असू शकतं. डोळे, तोंड, नडगीवरच्या गाठी ही सगळी त्याच दाहाची बाहेर दिसणारी रूपं असू शकतात. आणि दुखण्यावरच्या काही गोळ्या अशा आतड्याला सोसत नाहीत.

तुम्ही ते सगळं एका कागदावर मांडलंत आणि कागद फाइलच्या सगळ्यात वर लावलात. डॉक्टरांनी तो वाचला आणि सांध्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. दोन फायलींची एक फाइल त्या दिवशी झाली. इलाज डॉक्टरांनी केला, त्यांचे उपकार आहेतच. पण इलाज कशावर करायचा ते त्यांच्यापर्यंत पोचलं तुमच्या कागदामुळे, आणि हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

मेथोट्रेक्सेट या दाह आटोक्यात ठेवणाऱ्या गोळीबद्दल तर मला मोठ्याने लिहायचं आहे. ही गोळी या आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं काम मंदावतं, तोंडभर फोड येतात, जिवावर बेततं, आणि ही चूक जगभर होत आली आहे. तुम्ही नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ म्हणून सोडून दिलं नाहीत. माझ्याकडून वार ठरवून घेतलात, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलात, तिच्या जोडीला घ्यायच्या फॉलिक ॲसिडचा (एका जीवनसत्त्वाचा) वार वेगळा लिहिलात आणि मग मला म्हणायला लावलंत, ‘आता तुम्ही मला सांगा, कोणती कधी?’ रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी का चुकवायची नाही तेही त्याच बैठकीत. मूल होऊ द्यायचा विचार आहे का, हा प्रश्न मात्र तुम्ही सगळ्यांदेखत विचारला नाहीत. पडदा ओढून, आवाज खाली आणून विचारलात. या औषधाने गर्भाला इजा होते, म्हणून विचारणं भागच होतं. तसं ते विचारण्याची रीत तुमची होती.

स्टेरॉइड अचानक बंद करायचं नाही, हेही तुम्हीच समजावलंत. बाहेरून औषध मिळत राहिलं की शरीर आपलं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं आणि त्याला पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. कारण कळलं की सूचना पाळायला जड जात नाही.

इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून द्यायच्या औषधाच्या दिवसांबद्दल किती लिहू? हे औषध अमेरिकेत 1998 साली आधी क्रोन्ससाठी मंजूर झालं आणि 1999 साली संधिवातासाठी, हे तुम्ही पहिल्या डोसाच्या वेळी सांगितलंत. टीएनएफ नावाचं दाह वाढवणारं एक प्रथिन आहे, त्याला ते अडवतं, आणि ते प्रथिन आतड्यातही असतं, सांध्यातही. त्या दिवशी मला पहिल्यांदा पटलं की माझा आजार एकच आहे. डोस सुरू करण्याआधी टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी, सगळं झालंय ना, हे तुम्ही रिपोर्ट हातात घेऊन स्वतः पाहिलंत. दबून राहिलेला टीबी या औषधाने डोकं वर काढू शकतो.

तुम्ही औषध तयार करता ते मी दर वेळी बघत बसते. बाटलीत पांढरी पावडर. पाणी तुम्ही बाटलीच्या कडेने सोडता. मग बाटली तळव्यात धरून हळूहळू फिरवता, कधीच हलवत नाही, कारण हलवली की फेस होतो. मग ती पाच मिनिटं तशीच ठेवता. वॉर्डात कितीही गडबड असो, ती पाच मिनिटं तुम्ही कमी केलेली मी पाहिलेली नाहीत. नंतर ते औषध अडीचशे मिलीच्या सलाईनमध्ये, फिल्टर लावलेल्या नळीतून, निदान दोन तास. हात सुजलेला असला की शीर सापडत नाही. अशा वेळी तुम्ही आधी गरम पाण्याची पिशवी देता, थांबता आणि मगच सुई हातात घेता.

एकदा ड्रिप चालू असताना घशात खाज सुटली आणि चेहरा तापला. मी हाक मारेपर्यंत तुम्ही येऊन चिमटा बंद केलेला होता. आधी ड्रिप थांबवलीत, मग डॉक्टरांना बोलावलंत, आणि ते येईपर्यंत नाडी धरून माझ्याशी बोलत राहिलात. औषधं दिल्यावर उरलेला डोस सावकाश गेला. मी घाबरले नाही याचं एकच कारण, तुम्ही घाबरलेल्या नव्हतात.

आणि संडासाबद्दल. मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला हे कसं सांगायचं? ‘पोट बरं नाही’ एवढंच तोंडातून निघायचं. तुम्ही शौचाचे सात प्रकार दाखवणारा ब्रिस्टल तक्ता पुढे धरलात. एक म्हणजे कडक खडे, सात म्हणजे नुसतं पाणी. म्हणालात, ‘नुसता आकडा सांगा, आणि रक्त असेल तर हो म्हणा.’ माझी कितीतरी वर्षांची कुचंबणा त्या एका वाक्यात संपली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंना इलिओस्टोमी झाली होती, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावली होती. पिशवीकडे त्या बघायच्याच नाहीत. तुम्ही त्यांना बघा म्हणून एकदाही म्हणाला नाहीत. स्टोमा, म्हणजे पोटावरचं ते तोंड, मोजलात, तेवढंच भोक पिशवीच्या चकतीला पाडलंत, भोवतालची कातडी साध्या कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडी केलीत आणि हात चालू ठेवून सहज बोलत राहिलात. हा गालाच्या आतल्या भागासारखाच लाल आणि ओला असतो, हात लावला तर दुखत नाही, पहिले काही आठवडे लहान होत जातो म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचा. भोक मोठं राहिलं तर लहान आतड्यातून येणारा पाचक रस कातडीला लागतो आणि ती सोलवटते. एका सकाळी कात्री त्यांनी आपण होऊन मागून घेतली. मी ते पाहत होते, आणि मला रडू आलं.

नर्सचं काम म्हणजे सुई टोचणं आणि चादर बदलणं, असं अजून म्हटलं जातं आणि त्याचा मला राग येतो. युरोपातल्या युलार या संधिवात संघटनेने 2012 साली नर्सच्या भूमिकेबद्दल शिफारशी काढल्या. रुग्णाला शिकवणं, फोनवर आधार देणं, मनाचं ओझं ओळखणं, हे सगळं त्यांत उपचाराचाच भाग म्हणून आलेलं आहे. ते सगळं तुम्ही करता. ज्या रुग्णालयात असं काम करणाऱ्या सिस्टर आहेत, तिथे त्यांना तेवढा वेळ मिळायला हवा. एकेकीच्या अंगावर इतके रुग्ण टाकायचे की खुर्ची ओढून बसायलाही फुरसत होऊ नये, हे रुग्णाच्या मुळावर येतं.

सिस्टर, मनापासून आभार. त्या प्रश्नांबद्दल, पाच मिनिटांबद्दल, ओढलेल्या पडद्याबद्दल.

एक कळवायचं राहिलं. कॅल्प्रोटेक्टिनचा, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या शौचाच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, आकडा उतरलाय. सकाळी बोटं लवकर मोकळी होतात. ताप नाही, खोकला नाही, तुम्ही फोनवर विचारणार म्हणून आधीच लिहून टाकते. या खेपेला उजव्या हाताची शीर बघा, डावी अजून हुळहुळते आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली पेशंट