कुराणाचे वचन छापताना अनुवादकाचे नाव द्यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुराणातील वचने आपल्याकडील लेखांतून उद्धृत होतात तेव्हा ती बहुधा इंग्रजीवरून मराठीत आलेली असतात. मात्र ते इंग्रजी कोणाचे, हे सांगितले जात नाही. हे सांगणे आवश्यक आहे, कारण अनुवादक बदलला की अर्थाचा रोखही बदलतो. दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभी हा ग्रंथ ‘मुत्तकी’ लोकांना मार्ग दाखवतो असे म्हटले आहे. जपणे, राखणे या अर्थाच्या धातूपासून आलेल्या या शब्दासाठी इंग्रजी अनुवादकांपैकी पिक्थॉल ‘वाईटाला दूर ठेवणारे’, युसूफ अली ‘ईश्वराचे भय बाळगणारे’, तर मुहम्मद असद ‘ईश्वराची जाणीव असणारे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द योजतात. तिघेही व्यासंगी होते आणि तिघांनाही आधार आहे. पण केवळ दुसरा अनुवाद वाचणाऱ्याला हा धर्म भयावरच उभा आहे असे वाटले, तर दोष त्याचा नव्हे.

‘काफिर’ या शब्दाच्या बाबतीत तर याहून अधिक हानी झाली आहे. त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे, आणि म्हणूनच सत्तावन्नाव्या सूरेत पावसाने तरारलेल्या पिकावर खूश होणाऱ्यांसाठी याच धातूचे रूप येते, तेव्हा बहुतेक अनुवादक तिथे ‘शेतकरी’ असा अर्थ घेतात. चौदाव्या सूरेत तोच धातू कृतज्ञतेच्या विरोधात, कृतघ्नतेसाठी येतो. रॉडवेल यांनी १८६१ च्या आपल्या इंग्रजी अनुवादात ‘इन्फिडेल’ (पाखंडी) हा शब्द वापरला, आणि ख्रिस्ती युरोपच्या धर्मयुद्धांची सारी कटुता त्याबरोबर आत आली. असद यांचा ‘सत्य नाकारणारे’ हा पर्याय मला अधिक न्याय्य वाटतो, जरी त्यातही कृतघ्नतेची छटा उतरत नाही.

पिक्थॉल १९२० मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून मुंबईत आले आणि पुढे हैदराबादला निजामाच्या सेवेत असताना त्यांनी अनुवाद सिद्ध केला. १९३० च्या त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी कुराणाचे भाषांतर होऊ शकत नाही असे स्पष्ट लिहिले, आणि शीर्षकातही ‘अर्थ’ हाच शब्द ठेवला. अनुवादक स्वतः इतका सावध असताना आपण त्याचे वाक्य मूळ वचन म्हणून छापणे योग्य नाही.

म्हणून विनंती अशी, की असे वचन छापताना सूरा व आयतीच्या (वचनाच्या) क्रमांकासोबत अनुवादकाचे नाव द्यावे आणि तक्वा (मुत्तकी असणे), कुफ्र (काफिर असणे), जकात यांसारखे शब्द मुळातलेच ठेवून पुढे अर्थ सांगावा. ‘जकात’बाबत तर हे विशेष गरजेचे आहे, कारण आपल्या कानांना त्यात शुद्धीसाठीचे दान नव्हे, नाक्यावरचा करच ऐकू येतो.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर