इम्पेलरसाठी तीन कोटेशनं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लक्षद्वीपच्या प्रवाळांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या समुद्रतळावरचं जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८ ते २०२२ या काळात सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आलं, असं त्यात आहे. आकड्याशी माझं भांडण नाही. तो मोजायला माणसं पाण्यापर्यंत पोचतात कशी, ते लेखात कुठेच नाही, म्हणून लिहितोय. मी मालवणचा, ट्रॉलरच्या इंजिनांवर हात बसलेला. अगत्तीवरच्या एका छोट्या संशोधन केंद्राची व्यवस्था मी नऊ वर्षं पाहिली. हुद्दा ‘व्यवस्थापक’, काम मात्र पंप, जनरेटर, कंप्रेसर, होडी आणि पिण्याचं पाणी.

तिथलं गोडं पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. विहिरीवर मोटर जास्त वेळ चालली की चहा खारट. आणि डायव्हिंगचं सामान तर समुद्रातून आलं की गोड्या पाण्यातच विसळावं लागतं, नाहीतर मीठ धरतं. माझा नियम होता दिवसाला दोन बादल्या: पहिलीत सगळं, दुसरीत फक्त रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र. पीएचडीवाली पोरं मला कंजूष म्हणायची. म्हणोत.

२०१६च्या एप्रिलमध्ये लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यात, पाय टाकला तर अंघोळीचं पाणी वाटायचं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात. रंग जातो आणि उपासमार सुरू होते, कारण त्यांना पोसणारं तेच असतं. आमचे नावाडी एका सकाळी मोडक्या हिंदीत म्हणाले, खाली कुणीतरी चुना सांडलाय.

त्याच आठवड्यात आमच्या होडीच्या आऊटबोर्ड इंजिनातून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थांबली. उथळ पाण्यातली वाळू ओढून कूलिंग पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र, खलास झाला होता. सहा पाती, त्यातली दोन उडालेली. तळहाताहून लहान वस्तू, हजार-बाराशेची, कोचीच्या एका दुकानात तयार. मुख्यालयाचं उत्तर आलं: तीन कोटेशनं जोडा. आम्हाला सापडलेला दुकानदार एकच, आणि बाकीचे ‘आमच्याकडे माल नाही’ असंही लिहून देईनात. मच्छीमारांची होडी भाड्याने घ्यावी तर बजेटात त्याला ‘हेड’ नाही. एक दिवस त्यांनी फुकट नेलं, पण रोज कसे नेणार? त्यांचा ट्युनाचा हंगाम. कागद फिरत राहिले, एक जहाज गेलं, मग दुसरं. इम्पेलर हातात पडला तेव्हा १५ मे उलटला होता आणि पावसासाठी लहान होड्या वर ओढलेल्या होत्या.

सप्टेंबरात उतरलो. केबल टायने बांधलेले अंगठ्याएवढे लॉगर इमानदारीने तासातासाचं तापमान टिपत बसले होते. भोवतीच्या मेलेल्या प्रवाळांवर मात्र शैवालाची गोधडी. कुठली जात आधी पांढरी पडली, कुठली सावरली, हे मोजायला कुणी गेलंच नव्हतं. त्याच वर्षी केंद्राला काही लाखांचं एक उपकरण मंजूर झालं. ते चालवायला अखंड वीज लागते, ती आमच्याकडे नव्हती, त्यामुळे पेटीवर आम्ही जेवणाची ताटं ठेवायचो.

मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळही आहेत. उद्या आपल्याकडे असं केंद्र काढायचं कुणी मनावर घेतलं, तर इमारतीच्या नकाशाआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. सुट्या भागांसाठी तिथल्या माणसाच्या सहीने खर्चता येईल अशी रक्कम हवी. आणि मेकॅनिक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको. तेवढ्यात कुठला पंप कधी रुसतो हेही कळत नाही.

आपले प्रतिनिधी पुन्हा बेटावर गेले, तर पंपघरातही डोकवायला सांगा. सकाळी सहाच्या आत. नंतर माणूस होडीवर असतो.

आपला,
एक निवृत्त केंद्र-व्यवस्थापक, मालवण