कोळंबीच्या साली आणि सांडपाण्यातील धातू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळंबी सोलली, की तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग डोकी आणि सालींच्या रूपाने मागे उरतो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यातला बराचसा कुजून जातो. या सालींतला चुना आणि प्रथिने काढून उरलेले कायटिन (सालीला बळकटी देणारा तंतुमय पदार्थ) तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले, की कायटोसान मिळते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने हे तंत्र पूर्वीच विकसित केले आहे. सांडपाण्यातले जड धातू काढण्यासाठी कायटोसानचा वापर आपल्याकडे गांभीर्याने व्हावा, म्हणून हे पत्र.

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या (विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यात चुना घालून धातू गाळात बसवण्याची नेहमीची पद्धत मोठा भार उतरवते; परंतु पाण्यात शेवटी रेंगाळणारा अंश तिला पुरेसा काढता येत नाही, आणि धोका तर त्या अंशातही असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे शिशाची मर्यादा ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे, यावरून तो किती सूक्ष्म आहे हे कळावे. कायटोसानच्या साखळीसारख्या लांब रेणूवरचे अमिनो (नायट्रोजनयुक्त) गट तांबे, शिसे, पारा यांचे आयन धरून ठेवतात, आणि पाण्यात मुबलक असलेल्या सोडियम-कॅल्शियमकडे फारसे वळत नाहीत.

अडचण अशी, की साधे कायटोसान आम्लधर्मी पाण्यात विरघळते. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने साखळ्या एकमेकींना जोडून त्याचे मणी केले तर ते टिकतात, पण त्या जोडणीत धातू धरणारे काही अमिनो गटच खर्ची पडतात. म्हणून पाऱ्यासाठी गंधकयुक्त गट जोडणे, किंवा मणी चुंबकाने ओढून घेता यावेत यासाठी त्यांत मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोह-ऑक्साइड मिसळणे, असे बदल केले जातात. शिवाय तांबे पाचच्या आसपासच्या सामूला (pH) चांगले धरले जाते, तर क्रोमेटच्या रूपातले क्रोमियम त्याहून आम्लधर्मी पाण्यात. तेव्हा एकाच टाकीत सगळे धातू निघतील, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माझी खरी काळजी पुढची आहे. वापरलेले मणी सौम्य आम्लाने धुतले की तांबे, शिसे सुटतात आणि मणी पुन्हा वापरता येतात, पण त्या धुवणात धातू एकवटलेले असतात. कायटोसान बनवतानाचे आम्ल आणि कॉस्टिकही कुठेतरी जाणारच. हे सारे खाडीत सोडले, तर ज्या कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शरीरात कॅडमियम साठते, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचेल.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोकणातल्या एखाद्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, चुन्याच्या टाकीनंतरचा टप्पा म्हणून, पावसाळ्यासह पूर्ण वर्षभर प्रत्यक्ष सांडपाण्यावर ही चाचणी घ्यावी, आणि धुवणाची विल्हेवाट कशी लावली व मणी किती वेळा वापरता आले याच्या नोंदी मराठीत जाहीर कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी