शिंग्रोबापाशी भेटलेल्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे, जिच्या गाडीच्या चाकांतून धूर निघत होता ती पुण्याची बाई मीच.

एक्सप्रेसवेने गेलो असतो तर एव्हाना मुंबईत पोचून जेवणंही उरकली असती. पण आईला जुन्या हायवेनेच जायचं होतं; लग्नानंतर माहेरी जाताना ती लाल डब्यातून याच रस्त्याने जायची. वडगावला मुलांना १७७९ची लढाई सांगून झाली (त्यांना भजी हवी होती). खंडाळा मागे पडलं तशी आई काचेला नाक लावून अमृतांजन पूल शोधायला लागली. १८३०चा तो पूल एप्रिल २०२०मध्ये पाडला, हे तिला आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं. "अगं, पण एवढा मोठा पूल!" ती म्हणाली आणि मग गप्पच झाली. तिची समजूत काढण्याच्या नादात मी सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरले. आधी जळका वास आला, मग पेडल मऊ लागायला लागलं.

तुम्ही कणसांची शेगडी तशीच सोडून धावत आलात. पुढच्या चाकाखाली दगड सरकवलात. मी हँडब्रेक ओढणार, तर म्हणालात, "नको ताई, रिव्हर्स टाकून बंद करा." नवरा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला होता, त्याचा हात धरलात. "तापल्या लोखंडावर पानी? तडकंल ना ते!"

पाऊण तास आम्ही तुमच्या निळ्या ताडपत्रीखाली बसलो. एक्सप्रेसवे व्हायच्या आधी तुम्ही याच घाटात ट्रक चालवायचात हे तेव्हा कळलं. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा शिंग्रोबा धनगर, बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. तुम्ही मात्र ती घरातल्या चुलत्याची सांगावी तशी सांगितलीत. धाकटा कणीस खायचं विसरला.

निघताना नवऱ्याने पाचशेची नोट पुढे केली. तुम्ही चार कणसांचे पैसे घेतलेत आणि बाकी मोजून परत दिलीत. "लईच वाटलं तर देवाला टाका." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की धड आभारही मानले नाहीत. देवाला आईने टाकले.

"ज्या गेअरात चढाल त्याच गेअरात उतरायचं," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. परवा सिंहगडावरून दुसऱ्या गेअरमध्ये उतरत होते. मागचा एकजण सारखा हॉर्न मारत होता. धाकटा मागे वळून म्हणाला, "त्याला काका भेटले नाहीत."

तुमची,
पुण्याची ताई